टुंड्रा आणि बालाघाटचा माळ

अंबाजोगाईबाहेर बालाघाटाच्या माळावर वैशाखांत उभें राहिलें, तर तेथें कांहीं जिवंत असेल असें वाटत नाहीं. उत्तर ध्रुवाजवळील टुंड्रा प्रदेशासंबंधींहि तसेंच वाटतें. दोन्ही ठिकाणीं वनस्पतींचा मोठा प्रश्न पाण्याचा. टुंड्रांत तें विपुल आहे, पण बहुतेक काळ गोठलेलें; मुळांना त्याचा उपयोग नाहीं. म्हणून तेथील विलो वीतभर उंचीनें जमिनीस चिकटून राहतो आणि दोन-अडीच महिन्यांत पालवी, फूल, बीज सारें उरकून घेतो.

माळावर काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर, पाऊस बेभरवशाचा. पळस उन्हाळ्याच्या तोंडीं पानें गाळून फुलतो. पानेंच नसलीं तर पाणी उडणार कोठून? मूळचा अमेरिकेचा फड्या निवडुंग आपलीं सूक्ष्म छिद्रें दिवसा मिटून रात्रीं उघडतो.

परंतु खरें नवल कुसळीचें. धोतरांत रुतणारें हें गवत लोकांना उपद्रवीच वाटतें. त्याच्या बीजास लांब, पीळदार कुसळ असतें. ओल लागली कीं पीळ उलगडतो, सुकलें कीं पुन्हां वळतो, आणि या फिरण्यानें टोकदार बीज गिरमिटाप्रमाणें मातींत शिरतें. वर वणवा पेटला तरी तें वाचतें. पावसाळ्यांत हेंच गवत कोंवळें असतांना गुरांचा चांगला चारा होतें. मात्र तें वेळींच कापावें लागतें. एकदां कुसळ धरलें, कीं जनावराच्या तोंडांत आणि मेंढीच्या लोकरींतहि तें तसेंच फिरत शिरतें.