टोचत नाहीत, फक्त उजेड सोडतात

जुन्या जालन्यातल्या वस्तीत आम्ही म्हाताऱ्या माणसांना एक प्रश्न हमखास विचारतो : अंधार पडल्यावर कसं दिसतं? परवा एक आजी म्हणाल्या, "दिवसा बरं हाय. दिवेलागणीला उंबरा दिसत न्हाई. वय झालं, दुसरं काय!" मोतीबिंदू काढलेला, चष्मा नवा, साखर वीस वर्षांची. डोळ्याचा पडदा मात्र कधीच तपासलेला नाही. का? "डोळ्यात सुई घालतात म्हणे."

ही सुईची भीती घरोघरी आहे. पडद्याला सूज असेल तर उपचार म्हणून इंजेक्शन देतात, हे खरे. पण तपासणीत सुई नसते.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात दंडपेशी कामाला येतात. त्या सुमारे १२ कोटी. रंग आणि बारीक अक्षर शंकुपेशींमुळे दिसते. त्या सुमारे ६० लाख. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि बराच काळ माणसाला काही जाणवतही नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती.

ओसीटी या यंत्राने पडद्याचे थर दिसतात. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघायचे, काही मिनिटांत काम होते. ही पद्धत १९९१ मध्ये जगापुढे आली. पण थर शाबूत दिसले म्हणजे पेशी काम करतातच असे नाही. घर उभे आहे, आत कोणी जागे आहे का, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी आजवर डोळ्याला तार लावून विजेचे संकेत मोजावे लागत.

आता संशोधकांनी निराळी वाट काढली आहे. उजेड पडला की शंकुपेशीचे टोक क्षणभर आखडते आणि मग लांबते. हा फरक केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्यात तो मोजून दाखवला, डोळ्याला हातही न लावता. पेशी हलली, म्हणजे ती उजेडाला जागी आहे. ही तपासणी अजून प्रयोगशाळांतच आहे; आपल्या दवाखान्यात ती मागू नका, कोणी तिच्या नावाने पैसे मागितले तर देऊही नका.

आपल्याला आज हवी ती तपासणी मात्र साधी आहे. साखर असेल तर वर्षातून एकदा पडदा दाखवायचा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगायचे. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग आहे, आणि शहरातल्या श्री गणपती नेत्रालयात लांबलांबून रुग्ण येतात. पाच वर्षांखालच्या लेकरांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. तो अंगणवाडीत चुकवू नका.

बाहुली मोठी करायला थेंब टाकतात, त्यामुळे काही तास धूसर दिसते. सोबत माणूस न्या, परतताना गाडी चालवू नका. आजींसोबत कोण जाणार, यावर घरात बोलणे चालू आहे. नात म्हणते, "मी सुट्टी टाकते."