असुराच्या नावाचं औंध

साताऱ्याहून पूर्वेला निघालं की खटावचा उघडा माळ लागतो आणि औंध जवळ आल्यावर आधी डोळ्यात भरतो तो यमाईचा डोंगर. वरच्या देवळाला मूळपीठ म्हणतात. पायऱ्या दमवतात, पण वरचा वारा तो शीण घालवतो. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची चतुर्भुज देवी मांडी घालून बसली आहे. औंध संस्थानाचे राजे असलेल्या पंतप्रतिनिधींची ही कुलदेवता.

गावाच्या नावाची कथा सांगायलाच हवी. ती मला पायथ्याशी नारळ-फुलं विकणाऱ्या एका आजींनी ऐकवली. इथे औंधासुर मातला होता. जोतिबानं देवीला हाक घातली, ‘ये माई’. ती धावून आली आणि तिनं दैत्याला मारलं. हाकेवरून देवीचं नाव यमाई पडलं आणि दैत्यावरून गावाचं औंध. ही हाक रामानं मारली असंही काही जण सांगतात, पण आजींना ते मान्य नाही. जोतिबाच्या डोंगरावरही यमाईचं देऊळ आहे, यापुढे त्यांना दुसरा पुरावा नको.

दैत्य मेला आणि गावाला नाव त्याचंच राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कोल्हापूरचंही तसंच. मरता मरता कोल्हासुरानं नगरीला आपलं नाव मागून घेतलं, असं करवीरची कथा सांगते. जेजुरीला खंडोबाला शरण आलेल्या मणी दैत्याला देवाजवळ जागा मिळाली. आपल्या लोककथांमधला देवाचा न्याय कठोर असतो, पण शिक्षा भोगलेल्याला तो गावाबाहेर काढत नाही.

जुन्या करारात याच्या अगदी उलटी गोष्ट आहे. याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसली, त्या जागेला त्यानं बेथेल म्हटलं, म्हणजे देवाचं घर. पुढे इस्राएलचं राज्य दुभंगलं, आणि यराबाम राजानं तिथे सोन्याचं वासरू बसवून लोकांना पूजेला लावलं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात होशेय संदेष्ट्यानं या मूर्तिपूजेवर कोरडे ओढले आणि बेथेलला बेथ-आवेन म्हणायला सुरुवात केली, म्हणजे दुष्टतेचं घर. नावातच निकाल देऊन टाकला. पुढे योशीया राजानं तिथली वेदी फोडून त्यावर माणसांची हाडं जाळली.

हे सगळं औंधच्या पायऱ्यांवर बसून आठवण्याला कारण आहे. ज्यांच्या घराण्याचा धर्म त्या संदेष्ट्यांचा, असे एक गृहस्थ यमाईच्या गावी आले होते. मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सातल्या ज्यू कुटुंबातले इंजिनिअर. बंगळूरला नोकरी करता करता ते गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले आणि भारतानंद झाले. राजपुत्र अप्पासाहेब पंतांशी त्यांचा स्नेह जुळला. १९३८च्या नोव्हेंबरात भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. बहात्तर गावांच्या त्या संस्थानाची घटना गांधीजींच्या सल्ल्यानं घडवण्यात फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. गावचे तंटे गावातच मिटावेत, हा तिचा आग्रह.

पण फ्रीडमन यांचं खरं धाडस पाहायला औंध सोडून आटपाडीला जावं लागतं. तेव्हा आटपाडी याच संस्थानात होती, आता ती सांगली जिल्ह्यात आहे. तिथल्या माळावर स्वतंत्रपूर उभं राहिलं. भिंती नसलेला तुरुंग. गुन्हेगार ठरलेल्या माणसांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावं, आणि त्यांच्यावर विश्वास हाच पहारा. औंधच्याच शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. चित्रपट जगभर गाजला. स्वतंत्रपूरचं नाव मात्र त्याच्यामागे झाकलं गेलं, याची मला खंत वाटते.

औंधमध्येही तसंच आहे. डोंगराच्या अंगावर बाळासाहेबांनी उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याच्या मूळ तसबिरी आहेत, शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल आहे. तरी देवीला नारळ फोडून आलेली बहुतेक मंडळी गाडीत बसून परत निघतात. सावकाश पाहायचं तर या जागेला अर्धा दिवस हवा.

शाळांच्या सहली महाबळेश्वर-प्रतापगडाकडे वळतात, ते ठीकच आहे. पण सातारा-सांगलीच्या मुलांना एकदा तरी औंधहून कुंडलमार्गे आटपाडीपर्यंत न्यावं. कुंडलचा माळही बाळासाहेबांनीच लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला होता आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही चालू आहे. शिक्षा भोगणारी माणसं कुटुंबांसह तिथे राहतात, शेतं पिकवतात आणि मुलांना शाळेत पाठवतात.