कबड्डीच्या मुलखातून रग्बीकडे
चढाईपटूला पाय धरून लोळवणाऱ्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या पोरांना रग्बी परकी वाटू नये. इथंही पळणाऱ्याला कवळ घालून पाडायचं असतं. अंडाकृती चेंडू मात्र हातानं पुढं फेकायचा नाही, मागं किंवा बाजूलाच द्यायचा.

नवख्यांनी हरून खचायचं नसतं, हे इटलीकडून शिकावं. इटलीनं १९२९ मध्ये स्पेनविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना गमावला. २००० साली मानाच्या सिक्स नेशन्स स्पर्धेत पाऊल ठेवताच तिनं स्कॉटलंडला ३४-२० असं हरवलं. सात दशकांची ही चिकाटी!

आपल्याकडे मुंबईत १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यानं हा खेळ जपला. भारतीय पुरुष १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय मैदानात उतरले. पंधरा जणींचा महिला संघ २०१८ मध्ये आला आणि २०१९ मध्ये सिंगापूरला २१-१९ असं नमवून त्यानं पहिला विजय मिळवला. पुण्याच्या वाहबिज भरुचानं भारतीय महिलांचं नेतृत्व केलं आहे.

सातारा-सांगलीच्या शाळांनी कबड्डीच्या जोडीला हा चेंडूही मुलामुलींच्या हाती द्यावा.