खेळता खेळता स्वमग्नतेची चाहूल

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखविण्याऐवजी आईचा हात धरून तिकडे ओढत नेते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला." पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु मुलास स्वमग्नता असेल, तर या समजुतीपायी मोलाची वर्षे हातची जातात. मेंदूची वाढ झपाट्याने होते ती याच वयात.

स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. तज्ज्ञाने मुलाचे वागणे न्याहाळून निदान करावयाचे असते, आणि असे तज्ज्ञ बहुधा शहरांतच असतात. ही उणीव ध्यानी घेऊन 'स्टार्ट' नावाचे टॅब्लेटवरील ॲप तयार करण्यात आले. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाचे प्रा. भीष्मदेव चक्रवर्ती यांच्या या कार्यात, गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेचाही वाटा आहे.

यातील योजना मोठी कल्पक आहे. मूल पडद्यावरील बुडबुडे फोडते, चित्र रंगविते. त्यावरून बोटांच्या हालचालींची नोंद होते. पडद्यावर एकीकडे माणसे, तर दुसरीकडे निर्जीव आकृत्या दिसतात, आणि मुलाची नजर कोठे रेंगाळते हे कॅमेरा टिपतो. स्वमग्न मुलांचा ओढा माणसांकडे सर्वसाधारणपणे कमी असतो. मुलाला मात्र हा सारा खेळच वाटतो!

दिल्लीत २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांवर हा प्रयोग झाला. टॅब्लेट घरोघरी नेणारे आरोग्य कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विकासात वेगळेपण असलेली मुले सुमारे ८६ टक्के अचूकतेने ओळखता आली. नेमकी स्वमग्नता ओळखण्यात हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते. अर्थात चूक होण्यास वाव आहेच. म्हणून ही चाळणी होय, निदान नव्हे. मुलाच्या हाती तासन्‌तास मोबाइल देणे म्हणजे तर चाळणीही नव्हे.

असे साधन गावी पोहोचेपर्यंत पालकांनी वाट पाहत बसू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत बालकांची तपासणी करतात. गरज भासल्यास मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी शंका येताच पालकांना पथकाची माहिती द्यावी. मुलाच्या वागण्याचे मोबाइलवरील छोटे चित्रण सोबत नेल्यास डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. बोलू लागलेले मूल बोलेनासे झाले, तर पथकाच्या फेरीचीही वाट न पाहता त्यास लगेच डॉक्टरांकडे न्यावे.