बोलण्याची पाळी व बोलण्याचा वेळ

निवाडपत्रांचा व महजरांचा संग्रह करणारांचें लक्ष बहुधा कागदाच्या शेवटाकडे लागलेलें असतें. निवाडा कोणाच्या बाजूनें झाला, वतन कोणाकडे राहिलें, शिक्के व निशाण्या कोणाच्या आहेत, एवढें पाहिलें कीं कागद वाचून झाला असें समजण्याची चाल आहे. परंतु त्याच कागदाच्या पूर्वार्धांत दुसरी एक गोष्ट नमूद असते. ती ही कीं, सभेनें प्रथम कोणास बोलूं दिलें, मागाहून कोणास, आणि एकाचें म्हणणें दुसऱ्याच्या कानीं कशा रीतीनें घातलें. ही गोष्ट केवळ जुन्या काळापुरती नाहीं. कायदेमंडळाच्या समितींत निरनिराळ्या पक्षांस बोलण्याचा वेळ कोणत्या मापानें वांटून द्यावा, हा आजचा वाद त्याच प्रश्नाचें दुसरें रूप आहे. म्हणून दोहोंचा एकत्र विचार करणें उपयुक्त होईल.

आमच्या धर्मशास्त्रांत व्यवहाराचे चार पाद मानिले आहेत : भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि. अर्थीचें म्हणणें प्रत्यर्थीच्या समक्ष लिहावें, आणि तें ऐकल्यावर प्रत्यर्थीनें द्यावयाचें उत्तर अर्थीच्या समक्ष लिहावें, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक आहे. वेळाचाही विचार तेथें केलेला आहे. साहस, चोरी इत्यादि प्रकरणीं उत्तर तत्काळ द्यावें. इतर प्रकरणीं मुदत देतां येते. म्हणजे वेळ मोजण्यापूर्वीं प्रकरण कोणत्या जातीचें आहे हें पाहावें, असा त्यांतील आशय आहे.

मराठी कागदांत हाच क्रम निराळ्या नांवांनीं आढळतो. ज्याची फिर्याद अगोदर तो अग्रवादी, ज्याचें उत्तर मागाहून तो पश्चिमवादी. येथें ‘पश्चिम’ हा शब्द दिशावाचक नसून ‘मागील’ या अर्थीं आहे. बोलण्याच्या पाळीवरूनच वादी-प्रतिवादींस नांवें पडावीं, यावरून त्या पाळीस केवढें महत्त्व होतें हें दिसून येईल. दोघांच्या तकरिरी लिहून घेत. सभेचा निर्णय मान्य करूं असा राजीनामा व वर्तणुकीबद्दल जामीन घेत. नंतर पुरसीस, म्हणजे उलट विचारणा, व साक्षी होत. स्थानिक गोत एका बाजूस झुकलेलें आहे असा संशय आल्यास परस्थळीं मनसुबी व्हावी अशी मागणी करतां येई. शेवटीं जिंकणारास निवाडपत्र मिळे व हरणाराकडून येजितखत लिहून घेत.

या पद्धतींत घटका मोजून बोलण्याची वांटणी केलेली नसे. एकाची तकरीर आठ कलमांची व दुसऱ्याची तीन कलमांची असली म्हणून अन्याय झाला असें कोणी मानीत नसे. एकास बोलूं दिलें व दुसऱ्यास दिलें नाहीं, किंवा एकाचें बोलणें दुसऱ्यास कळूं दिलें नाहीं, तर मात्र निवाड्यावर बोट ठेवण्यास जागा राही. वादी एकटा असो कीं त्याच्या पाठीशीं सारें भाऊबंद असोत, त्याची तकरीर एकच. संख्याबळ येथें हिशेबांत येत नसे.

अर्थात् गोतसभा ही समानांची सभा नव्हती. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन व बलुतेदार यांचे मान ठरलेले होते, आणि तो क्रम निशाण्यांच्या मांडणींतही दिसतो. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष विशेष महत्त्वाची मानीत. पण साक्षीचें वजन म्हणजे सभेंतील बरोबरी नव्हे. समता होती ती वाद घालणाऱ्या दोन पक्षांत, आणि तीही त्या वादापुरती. १८१८ सालीं पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टन यानें आपल्या १८१९ च्या अहवालांत पंचायतीस न्यायदानाचें प्रमुख साधन म्हटलें, व तिच्या कामास लागणारा विलंब हा तिचा दोष म्हणून नोंदविला. सर्वांस पुरतें बोलूं दिलें कीं वेळ लागतो, आणि वेळ आटोपता घेतला कीं कोणाचें तरी बोलणें राहून जातें. ही अडचण तेव्हांपासूनची आहे.

हल्लींच्या काळांतील उदाहरण पाहावयाचें तर शिरूर तालुक्यांतील भीमेकांठच्या कोरेगांवचें पाहावें. १८१८ च्या १ जानेवारीस झालेल्या लढाईमुळें हें गांव इतिहासांत आलें. तिचा स्मारकस्तंभ नदीपलीकडे पेरणें येथें आहे. त्या लढाईस दोनशें वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, १ जानेवारी २०१८ रोजीं, तेथें दंगल झाली. तिच्या चौकशीसाठीं महाराष्ट्र सरकारनें त्याच वर्षीं निवृत्त मुख्य न्यायाधीश ज. ना. पटेल यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमिला. सुमित मल्लिक हे दुसरे सदस्य होते. येथें बाजू दोनच नव्हत्या. निरनिराळ्या संस्था, व्यक्ति, पोलीस व सरकार यांनीं आपापलें म्हणणें प्रतिज्ञापत्रांनीं मांडलें, आणि साक्षी पुणें व मुंबई येथें झाल्या. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणें ज्याच्या लौकिकास बाध येण्याचा संभव असेल त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी लागते, व साक्षीदाराची उलटतपासणीही करितां येते. प्रतिज्ञापत्र म्हणजे तकरीर व उलटतपासणी म्हणजे पुरसीस, असें म्हटल्यास जुन्या कागदांच्या वाचकांस तें परकें वाटणार नाहीं. जेथें सत्य शोधावयाचें आहे तेथें कोणाच्या मागें किती माणसें आहेत हें पाहून कोणाचें म्हणणें किती ऐकावें हें ठरवितां येत नाहीं.

कायदेमंडळाची रीत याहून निराळी आहे व तशी असण्यास कारणही आहे. तेथें बोलणारा स्वतःसाठीं बोलत नसून मतदारांसाठीं बोलतो. राज्यघटनेच्या २०८ व्या कलमानें राज्याच्या प्रत्येक सभागृहास आपल्या कामाचे नियम करण्याचा अधिकार आहे. कोणत्या विधेयकास किती वेळ द्यावा हें कामकाज सल्लागार समिति ठरविते, आणि तो वेळ पक्षांमध्यें सामान्यतः सभासदसंख्येच्या प्रमाणांत वांटला जातो. दोनशें सभासदांच्या गृहांत शंभर, साठ, तीस व दहा असे चार पक्ष असून चर्चेस दोन तास मिळाले, तर अनुक्रमें साठ, छत्तीस, अठरा व सहा मिनिटें वांट्यास येतात. सहा मिनिटांत विधेयकाचें एखादें कलम तपासतां येईल, सर्व विधेयक तपासतां येणार नाहीं; परंतु प्रतिनिधित्वाच्या दृष्टीनें हा हिशेब चुकीचा म्हणतां येत नाहीं.

अडचण उत्पन्न होते ती समितींत. समिति ही अर्धी गोतसभा व अर्धें कायदेमंडळ असते. ती साक्षीदार बोलाविते व दप्तर पाहते, म्हणून शोध करणारी. तिचे सभासद पक्षवार नेमिलेले, म्हणून प्रतिनिधित्व करणारी. केवळ संख्येचें माप लाविलें तर लहान पक्षाचा प्रश्न विचारला जाण्यापूर्वींच साक्षीदार उठून जातो. केवळ बरोबरीचें माप लाविलें तर एका सभासदाच्या पक्षास पांच सभासदांच्या पक्षाइतका वेळ मिळून मतदारांच्या कौलास अर्थ राहात नाहीं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समित्यांत साक्षीदारास प्रश्न करण्यास प्रत्येक सभासदास पांच मिनिटें मिळण्याचा नियम आहे. त्यानें कोणी मुका राहात नाहीं, आणि मोठ्या पक्षास सभासदसंख्येमुळें एकंदर वेळ आपोआप अधिक मिळतो.

आमच्या मतें दोन्ही मापें एकापुढें एक लावणें हा मार्ग सरळ आहे. समजा, दहा सभासदांच्या समितींत चार पक्षांचे पांच, तीन, एक व एक असे सभासद आहेत, व साक्षीस एक तास आहे. पहिलीं वीस मिनिटें चौघांस सारखीं, म्हणजे पांच पांच, द्यावीं. उरलेलीं चाळीस संख्येप्रमाणें वीस, बारा, चार व चार अशीं द्यावीं. एकूण पंचवीस, सतरा, नऊ व नऊ होतात. पहिली फेरी तकरिरीची, दुसरी प्रतिनिधित्वाची. प्रारंभाची पाळी दर बैठकीस फिरती ठेवावी, कारण शेवटीं बोलणाराचे प्रश्न बहुधा अगोदरच विचारून झालेले असतात. साक्षीदारानें उत्तर लांबविलें तर तो वेळ प्रश्न करणाराच्या हिशेबीं धरूं नये. एरव्हीं मौनापेक्षां लांब उत्तरानेंच प्रश्नकर्त्यास गप्प करितां येईल.

इतकें करूनही ज्याचें म्हणणें उरेल त्यास लिहिण्याची वाट मोकळी असावी. कोरेगांवच्या स्तंभास १ जानेवारी १९२७ रोजीं भेट देणारे डॉ. भीमराव आंबेडकर त्याच वर्षीं मुंबई कायदेकौन्सिलचे सभासद झाले. पुढें सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठीं कौन्सिलनें १९२८ सालीं जी समिति निवडली तींत ते होते. सहकाऱ्यांशीं मत न जुळल्यामुळें त्यांनीं १७ मे १९२९ रोजीं आपलें स्वतंत्र निवेदन सादर केलें. समितीच्या अहवालापेक्षां हें एकट्या सभासदाचें निवेदन आज अभ्यासकांच्या हातीं अधिक वेळां असतें. बहुमतानें निर्णय होतो. पण अल्पमताची तकरीर कागदावर राहिली तर पुढील पिढीस निर्णयाची परीक्षा करितां येते.

यावरून संग्राहकांनीं एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अग्रवादीची तकरीर एका दप्तरांत, पश्चिमवादीची दुसऱ्यांत व निवाडपत्र तिसऱ्याच्या संग्रहीं, अशी फाटाफूट झाली म्हणजे त्या सभेनें दोघांस समक्ष ऐकण्याचे घेतलेले श्रम वायां जातात, आणि ज्याचा कागद हातीं लागला त्याचाच पक्ष खरा ठरतो. तरी एका वादाचे कागद एकाच बासनांत राहतील अशी व्यवस्था करावी. एखादाच कागद विकत घ्यावयाचा झाल्यास त्याचा जोडीदार कोठें आहे याची नोंद त्याच्या पाठीवर न लिहितां सोबतच्या निराळ्या चिठ्ठीवर ठेवावी. समित्यांचे व आयोगांचे अहवाल जमविणारांनींही साक्षींचे खंड व भिन्नमतपत्रिका अहवालापासून तोडूं नयेत. सभेंत ज्यास बोलण्याची पाळी मिळाली, त्याची ती पाळी दप्तरांतही राखणें हें आपलें काम आहे.