जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपमधील डिफरन्शियलची सुधारणा : बुलढाणा जिल्ह्याच्या दुर्गम भागाच्या संदर्भात

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील डोंगराळ वाटा पावसाळ्यात नाल्यांमुळे बिकट होतात, तर पूर्णा खोऱ्यातील काळी माती चिकट बनते. अशा वाटेवर रुग्णाला नेणारे वाहन अडकणे ही केवळ गैरसोय नसते. महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये भारतात विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या परंपरेतील सीजे-३बी, एमएम-५४० यांसारख्या जुन्या गाड्यांमध्ये कोणती सुधारणा उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डिफरन्शियलचे कार्य व मर्यादा :
वळणावर बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना भिन्न गतीने फिरू देणे, हे डिफरन्शियलचे कार्य होय. मात्र साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ समान टॉर्क देते. समजा, चिखलातील चाक १०० न्यूटन-मीटर आणि खडकावरील चाक ६०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकते. तरीही प्रत्येकास १०० याप्रमाणे एकूण २०० न्यूटन-मीटरच उपयोगी पडतो. डिफरन्शियल लॉक केल्यास ही मर्यादा ७०० पर्यंत जाते. पुढचे एक व मागचे एक चाक जागीच गरगरू लागले, तर फोर-व्हील ड्राइव्ह असूनही गाडी थांबते, त्याचे कारण हेच.

सुधारणेचे पर्याय :
१) लिमिटेड स्लिप : घर्षणाद्वारे काही टॉर्क दुसऱ्या चाकाकडे वळवितो, परंतु चाक पूर्णतः अधांतरी असता त्याचा उपयोग मर्यादित राहतो.
२) स्वयंचलित लॉक : आपोआप कार्य करतो, मात्र डांबरी रस्त्यावरील वळणांवर गाडीचे वर्तन बदलते.
३) चालक-नियंत्रित लॉक : हवेच्या दाबाने, केबलने अथवा विजेने गरजेपुरता लावता येतो, तो खर्चिक असला तरी एरवी गाडी नेहमीसारखीच चालते.

आवश्यक दक्षता :
लॉक लावल्यावर एकाच चाकाच्या शाफ्टवर मोठा ताण येऊ शकतो. म्हणून जुने शाफ्ट, बेअरिंग व क्राऊन-पिनियन आधी तपासावेत. पुढील अ‍ॅक्सल लॉक केल्यास स्टिअरिंग जड होते. गिअर-गुणोत्तर बदलायचे असल्यास ते दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये समान ठेवावे. अन्यथा फोर-व्हील ड्राइव्ह लावताच यंत्रणेत ताण साठून मोडतोड होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. त्यामुळे नोंदणी प्राधिकाऱ्याकडे आधी विचारणा करणे इष्ट.

निष्कर्ष :
लॉक जमिनीची पकड निर्माण करीत नाही. उपलब्ध पकडीचा उपयोग करून देतो. चारही चाके काळ्या मातीत रुतली असता तो निरुपयोगी ठरतो. म्हणून प्रथम दुरुस्ती, नंतर योग्य टायर, त्यानंतर मागील अ‍ॅक्सलचा चालक-नियंत्रित लॉक आणि अगदी शेवटी पुढील अ‍ॅक्सलचा लॉक, हा क्रम मर्यादित खर्चात सर्वाधिक उपयुक्त ठरतो.