बाळाच्या डोळ्यातली बाहुली

डोळ्याच्या मधोमध काळा ठिपका दिसतो. त्याला आपण बाहुली म्हणतो. बाहुली म्हणजे खरे तर एक भोक आहे. त्यातून उजेड आत जातो.

आरसा घेऊन अंधाऱ्या घरातून दारात या. बाहुली बारीक झालेली दिसेल. हे कोणी केले? मेंदूने. डोळ्याने उजेडाची खबर मेंदूला दिली. मेंदूने बाहुली आवळायचा हुकूम धाडला. म्हणूनच डॉक्टर डोळ्यावर बॅटरीचा झोत टाकतात. बाहुलीवरून त्यांना मेंदूची खबर मिळते.

आता अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे पाहू. बाळ पोटात सुमारे ४० आठवडे वाढते. ३७ आठवड्यांच्या आत जन्मले, तर ते अपुऱ्या दिवसांचे. त्यातही ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. कधी कधी त्या फुटतात आणि मेंदूत रक्त उतरते. बहुधा हे पहिल्या ३ दिवसांतच होते. रक्त थोडे असेल, तर पुष्कळदा आपोआप जिरते. जास्त असेल, तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि दाब वाढतो. दाब फार वाढला, की बाहुली उजेडाला दाद देत नाही. किंवा एक मोठी, एक लहान दिसते.

पण इथे एक गोम आहे. ३० आठवड्यांच्या आतल्या बाळाची बाहुली सहसा उजेडात आवळतच नाही. ती शक्ती पुढच्या चार-पाच आठवड्यांत येते. म्हणजे बाहुली हलली नाही, म्हणून मेंदूला इजा झालीच असे नाही. हलली, म्हणून धोका टळला असेही नाही. म्हणून डॉक्टर टाळूवरून सोनोग्राफी करतात. टाळू भरलेली नसते, तिथून मेंदू दिसतो. बाळाला काही दुखत नाही.

तेव्हा घरी बाळाच्या डोळ्यावर बॅटरी मारू नये. मग आपण काय पाहावे? बाळ दूध ओढत नाही, निपचित पडते, झटके येतात, श्वास थांबतो, टाळू फुगून ताठ होते. यातले एक जरी दिसले, तरी दृष्ट काढण्यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा. आशाताईंना कळवा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घालून न्या. ऊब राहते. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळाचा इलाज मोफत होतो.

आपला अकोले तालुका डोंगराचा. भर पावसात घाटघर, रतनवाडीहून निघायचे म्हणजे वेळ लागणारच. म्हणून आम्ही आणखी एक सांगतो. सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, पाणी गेले किंवा अंगावर रक्त गेले, तर बाईला घरी ठेवू नका. लगेच दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टर तपासून आईला इंजेक्शन देतात. त्याने बाळाची फुप्फुसे तयार होतात आणि मेंदूत रक्त उतरण्याचा धोकाही कमी होतो. हे इंजेक्शन बाळंतपणाआधी मिळाले, तरच त्याचा उपयोग.